थंडीत घरात-गोठ्यात गोचीड: औषधाच्या आधी त्यांची जागा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यात जंगलाला लागून गाव, जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर, परसात गोठा. गोठ्यात एक संकरित गाय आणि एक म्हैस, दारात कुत्रा. थंडी पडली की गोचीड आपोआप जातील असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण डिसेंबर आला तरी ते भिंतीवर चढताना दिसतात. परवा धाकट्या मुलाच्या कानामागे एक चिकटलेला सापडला. दोनदा औषध मारून झालं, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच. तर जालीम औषध कोणतं, आणि आई म्हणते तसं कुत्रं लांब नेऊन सोडावं का?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जनावरांवर उपचार करताना दर हिवाळ्यात मला हे ऐकायला मिळतं. औषधाचं नाव मी लगेच सांगत नाही, कारण माझ्या मते तुमची अडचण औषधाची नाहीच. तुम्ही मारलं ते औषध बहुधा ठीकच होतं. ते पोचलं नाही ते गोचीड जिथं राहतात तिथं. जनावराच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे सगळे भिंतीच्या फटीत, जमिनीत, पोत्याखाली, पाचोळ्यात असतात. ही जागा सापडली की साध्या औषधानंही काम होतं. ती सापडली नाही तर कितीही महागडं औषध आणा, पैसे वाया जातात.

आधी मुलाचं. कानामागचा गोचीड काढला असेलच. पुढच्या वेळी मात्र त्यावर रॉकेल, चुना, तंबाखू, गरम काडी असलं काही लावू नका. त्यानं तो सुटायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याची लाळ जखमेत जास्त जाऊ शकते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी लागून धरायचा, न पिळता सरळ वर ओढायचा. जागा साबणानं धुवायची. गोचीड नखानं चिरडायचा नाही, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायचा. चिरडताना बाहेर येणारं रक्त बोटाच्या बारीक जखमेतून अंगात जाऊ शकतं. २०११ मध्ये गुजरातमध्ये क्रिमियन-काँगो ताप आढळला, तेव्हापासून मी प्रत्येक गोठ्यात हे सांगत आलो आहे. त्या तापाचा विषाणू गोचिडांतून पसरतो, आणि गोचीड चिरडल्यानं किंवा आजारी जनावराच्या रक्ताशी संबंध आल्यानंही माणसाला लागू शकतो. मुलाला पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गोचीड चावला होता. गोचिडांमुळे येणाऱ्या काही तापांवर वेळेत मिळाली तर औषधं चांगली लागू पडतात, पण डॉक्टरांना ही माहिती नसेल तर त्यांचा संशय मलेरिया-टायफॉइडकडे जातो. गोचीड कानाच्या आत गेला असेल तर घरी तेल ओतू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता थंडीचं. थंडीत गोचीड मरतात हा समज बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या गोष्टी ऐकून झाला असावा. तिथंही तो पुरता खरा नाही. आपलं बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी ऊन २८-३० अंशांचं असतं. एवढ्या थंडीनं गोचीड मरत नाही. त्याचं चक्र फक्त मंदावतं: अंडी फुटायला उन्हाळ्यात तीन-चार आठवडे लागतात, आता त्याहून जास्त लागतात. आणि घराच्या आत, चुलीच्या मागच्या भिंतीत, कुत्र्याच्या गोणपाटाखाली, गाईच्या अंगाची ऊब लागणाऱ्या कोपऱ्यात तर थंडी पोचतच नाही. बाहेर गारवा वाढला की कुत्रं आत येऊन झोपतं, दारं-खिडक्या बंद राहतात, आणि भात कापून झाल्यावर पिंजर आणून गोठ्यालगत रचलेलं असतं. म्हणजे हिवाळ्यात आपणच त्यांना आपल्या जवळ आणतो.

हीच मंदावलेली गती तुमच्या फायद्याची आहे. आता त्यांची वाढ हळू आहे. फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की तीच अंडी भराभर फुटतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गोठा भरून जातो. म्हणून गोचिडांविरुद्ध खरं काम हिवाळ्यात करावं असं माझं ठाम मत आहे. लोक मात्र उन्हाळ्यात जागे होतात.

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे की तुमच्याकडे कोणते गोचीड आहेत. तुमच्यासारख्या ठिकाणी तीन-चार वेगवेगळे प्रकार एकाच अंगणात असू शकतात, आणि प्रत्येकाचा मुक्काम वेगळा असतो.

भिंतीवर चढणारे, पडद्याच्या घडीत, देवाच्या तसबिरीमागे, दाराच्या चौकटीत सापडणारे तांबूस-तपकिरी गोचीड बहुतेक वेळा कुत्र्याचे असतात. हा प्रकार घरातच पूर्ण आयुष्य काढू शकतो, रानाची त्याला गरज नाही. पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पिऊन उतरतं, फटीत जाऊन कात टाकतं, पुन्हा चढतं. असं तीनदा. शेवटी मादी फुगून उतरते आणि वर, उंचावर फट शोधून अंडी घालते, एका वेळी हजारांच्या घरात, कधी चार हजारांपर्यंत. प्रौढ गोचीड उपाशी राहून वर्षभराहूनही अधिक जगू शकतो. तुम्ही फरशीवर औषध मारलं आणि ते कौलाखालच्या वाशांत बसले होते, हे मी न बघताही सांगू शकतो.

गाई-म्हशीच्या कासेवर, शेपटीखाली, मानेच्या पोळीत चिकटलेले आणि फुगून राखाडी झालेले गोचीड बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असतात. हे एकाच जनावरावर साधारण तीन आठवडे काढतात, मग मादी खाली पडते, शेणामातीत अंडी घालून मरते. भिंत चढून माणसाला चावायला हे येत नाहीत. यांचं रान म्हणजे गोठ्याची जमीन, बांधावरचं गवत आणि चरायची जागा.

तिसरा प्रकार गोठ्यात लांब पायांचा, पळणारा. पायांवर फिकट पट्टे असतात. गोठ्याच्या भिंतीच्या फटी हे त्याचं घर. संकरित गाईला यांच्यामुळे थायलेरिओसिस होऊ शकतो: कडक ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, धाप, दूध एकदम कमी. असं दिसलं तर गोचीड बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. म्हैस आणि गावठी गाय हा आजार तुलनेनं सोसतात, संकरित गाय झपाट्यानं खालावते.

चौथा प्रकार जंगलातला, त्यावर खाली वेगळं लिहितो, कारण थंडीतच त्याचा धोका जास्त आहे आणि त्यात घरात फवारणीचा उपयोग नाही.

ओळखायचं कसं? रात्री टॉर्च घेऊन फिरा. जांभ्याच्या दगडाला नैसर्गिक भोकं असतात, त्यातलं प्रत्येक भोक बघा. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, कुत्रं टेकून बसतं ती भिंत गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत, गव्हाणीची मागची बाजू, वासे. जिथं गोचीड किंवा त्यांची टाकलेली पोकळ सालं दिसतील तिथं खडूनं खूण करा. दोन-तीन गोचीड झाकणाच्या डबीत घालून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, तिथं बघून प्रकार सांगतील. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण खुणा केलेल्या भिंतीवर औषधाचा एक लिटर पुरतो आणि खुणा न केलेल्या घराला दहा लिटरही पुरत नाही.

आता काम. पहिली अट: जनावरं, कुत्रं आणि जागा या तिन्हींवर एकाच दिवशी औषध. नुसत्या कुत्र्यावर केलं तर भिंतीतले वाट बघत बसतात. नुसत्या भिंतीवर केलं तर कुत्र्यावरचे खाली उतरून पुन्हा अंडी घालतात. तुमच्या दोन्ही फवारण्या यातच फसल्या असाव्यात. दुसरी अट: फवारणीनं अंडी सहसा मरत नाहीत. म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, आणि हिवाळ्यात अंडी उशिरा फुटतात म्हणून तिसरी फेरी फेब्रुवारीच्या शेवटी, एकही गोचीड दिसत नसला तरी. ही तिसरी फेरी लोक टाळतात, आणि मार्चमध्ये मला पुन्हा फोन येतो.

औषधाआधी झाडलोट. कुत्र्याचं गोणपाट जाळून टाका, धुवून ठेवायचं असेल तर उकळत्या पाण्यात घाला. डिसेंबरच्या उन्हात नुसतं वाळत घालून त्यातले गोचीड मरत नाहीत. गव्हाणीखालचं जुनं पिंजर, शेणाचा थर, कोपऱ्यातला कचरा खरवडून काढा आणि थेट खताच्या खड्ड्यात आत दाबा. वर पसरून ठेवलंत तर गोचीड चालत परत येतात. मग भिंतीच्या खुणा केलेल्या फटीत उकळतं पाणी ओता किंवा औषध मारा, आणि वाळल्यावर त्या फटी बुजवा. सिमेंट परवडत नसेल तर चुना-माती चालते. फट बुजवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ औषध आहे, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. काही ठिकाणी आगीच्या झोतानं फटी भाजायचा सल्ला देतात. नुसत्या दगडाच्या रिकाम्या गोठ्यात तो चालतो, पण तुमच्याकडे पिंजराची गंजी गोठ्याला लागून आहे. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

भिंतीसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं घरगुती वापराचं औषध लेबलवर लिहिलंय त्याच प्रमाणात. फवारताना तोंडाला फडकं, हातात मोजे, मुलं आणि कोंबड्या बाहेर, वाळेपर्यंत कुणी आत नाही. भाताला किंवा उसाला मारायचं औषध उरलंय म्हणून घरात किंवा जनावराच्या अंगावर मारू नका. अशी जनावरं लाळ गाळत, थरथरत दवाखान्यात येतात आणि सगळी वाचत नाहीत. निपाणी-चिकोडीकडे तंबाखूच्या पाण्यानं जनावर धुवायची जुनी सवय आहे. त्यातलं निकोटिन कातडीतून शोषलं जातं, जनावर अंग चाटतं तेव्हा पोटातही जातं. वासराला तर अजिबात लावू नका. फिनेलनं गोचीड जात नाहीत आणि घरात मांजर असेल तर तेही आजारी पडतं.

गाई-म्हशीसाठी अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिनचं जनावरांचं औषध मिळतं. अमिट्राझ १२.५ टक्क्यांचं असेल तर साधारण एका लिटर पाण्याला दोन मिली, तरी बाटलीवरचं प्रमाण अंतिम माना. थंडीत लक्षात ठेवायचं ते हे: सकाळी अकराच्या पुढं, ऊन असताना, वाऱ्याच्या आडोशाला लावा. संध्याकाळी ओलं केलेलं जनावर रात्रभर गारठतं, आणि वासरू असेल तर न्यूमोनियाला वाट मिळते. आधी जनावराला भरपूर पाणी पाजा, म्हणजे तहानेनं ते अंग चाटत नाही. वाळेपर्यंत तोंडाला मुसकं बांधा. नुसतं पाठीवर शिंपडून उपयोग नाही, कानाच्या आत कडेला, कासेच्या मागं, शेपटीच्या मुळाशी, जांघेत फडक्यानं लावा, कारण गोचीड तिथं असतात. आजारी, ताप असलेलं किंवा अगदी लहान वासरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला परस्पर देऊ नका, ते दुधात उतरतं. कोणत्याही औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही हे विचारूनच घ्या.

प्रमाण कमी करून औषध वाचवू नका. अर्धवट मात्रेनं जे जगतात त्यांची पिल्लं त्या औषधाला दाद देत नाहीत. बरोबर मात्रेत, बरोबर जागी लावूनही गोचीड मरत नसतील तर तेच पुन्हा न लावता डॉक्टरांकडून वेगळ्या गटाचं औषध घ्या.

कोंबड्यांबद्दल पुष्कळ जण विचारतात. गावठी कोंबड्या गोठ्यात उकरून गोचीड खातात, हे खरं आहे. मदत होते. पण त्यांच्यावर विसंबू नका, आणि फवारलेल्या गोठ्यात त्यांना त्या दिवशी सोडू नका.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: रात्री टॉर्चनं जागा शोधा, झाडून-खरवडून घ्या, एकाच दिवशी तिन्हींवर औषध, फटी बुजवा, तीन आठवड्यांनी पुन्हा आणि फेब्रुवारीअखेर पुन्हा. याच काळात बाहेरून नवे गोचीड येणार नाहीत हेही बघा. नवं जनावर विकत आणलं तर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला बैलगाडी नेत असाल तर परतलेले बैल गोठ्यात घेण्याआधी तपासा, तिथं दूरदूरची जनावरं एकत्र तळ टाकून असतात. शेतात खतासाठी मेंढरं बसवली तर त्या तुकड्यात काही दिवस आपली जनावरं सोडू नका.

आता जंगलाचं, आणि इथं मी खरंच काळजीनं लिहितो आहे. खानापूरचं रान गोव्याच्या सत्तरीला लागून आहे, पलीकडं सिंधुदुर्गातलं दोडामार्ग. सत्तरीत २०१५ मध्ये आणि दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप आढळला. कन्नड बोलणारे शेजारी त्याला मंगन कायिले म्हणतात. हा रोग पहिल्यांदा १९५७ मध्ये आपल्याच कर्नाटकात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. गोव्यात काजूच्या बागांत कामाला गेलेले आपल्या जिल्ह्यातले मजूर यानं आजारी पडल्याची नोंद आहे. हा विषाणू जंगली गोचिडांतून पसरतो. त्यांची पिल्लं, जेमतेम तिळाएवढी, नोव्हेंबरपासून मेपर्यंत वाळलेल्या पाचोळ्यात असतात, आणि जानेवारी ते मार्च हा सगळ्यात वाईट काळ. म्हणजे आपण लाकूडफाटा आणायला, पाचोळा गोळा करायला रानात जातो तोच काळ.

म्हणून या दिवसांत रानातला पाचोळा आणून गोठ्यात अंथरू नका. ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे, मला माहीत आहे, पण जनावराखाली शेतातलं पिंजर घाला. रानात जाताना पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, उघड्या अंगावर गोचीड दूर ठेवणारं औषध. आरोग्य खातं बाधित गावांत डेपा तेल वाटतं, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते विचारा. परत आल्यावर कपडे उंबऱ्याबाहेर काढून गरम पाण्यात टाका, साबण लावून अंघोळ करा आणि एकमेकांची पाठ, काखा, कानामागची जागा बघा. मुलाच्या कानामागचा गोचीड घरातला होता की रानातून कुणाच्या कपड्यावर आला, हे कळायला त्या आठवड्यात घरातलं कोण रानात गेलं होतं ते आठवून बघा.

रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, पुरायचा प्रयत्न करू नका. माकड मरतं तेव्हा त्याच्या अंगावरचे गोचीड आसपास पसरतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर आठवडाभरात अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडून येणं, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त असं काही दिसलं तर गावातल्या सलाईनवर वेळ न घालवता सरकारी रुग्णालयात जा आणि माकडतापाची तपासणी करायला सांगा. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा रुग्णाजवळ बसायला घाबरू नका. पण शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात, म्हणून उशीर नको.

राहिला कुत्रा. आईंना समजावून सांगा: कुत्रं लांब सोडलं तर भिंतीतले गोचीड त्याच्यामागून जाणार नाहीत. ते घरातच राहतील, आणि त्यांचं नेहमीचं जनावर नाहीसं झाल्यावर भुकेनं माणसांकडं वळतील, आधी खाली झोपणाऱ्या मुलांकडं. शिवाय ते कुत्रं दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन हेच सुरू करेल. त्याऐवजी त्याला वजनाप्रमाणे गोचिडांची गोळी द्या. काही गोळ्या महिनाभर टिकतात, फ्लुरालानरसारखी १२ आठवडे. गोळी घेतलेल्या कुत्र्यावर भिंतीतला गोचीड चढला की चावतो आणि मरतो. म्हणजे कुत्रंच घरातले उरलेले गोचीड वेचून काढतं, आणि त्यासाठी ते नेहमीच्या जागी राहणं गरजेचं आहे. त्याला फिट येत असतील, ते गाभण असेल किंवा अगदी लहान पिल्लू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गाईचं औषध कुत्र्याला लावू नका. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लागू देऊ नका, ते त्याला जिवावर बेततं. आणि तुमचं कुत्रं सुस्त असेल, खात नसेल, हिरड्या फिकट पडल्या असतील तर गोळीच्या आधी रक्ततपासणी करून घ्या. गोचिडांमुळे कुत्र्याला येणारा ताप लवकर कळला तर बरा होतो. गोळीचा खर्च एकदम पेलत नसेल तर पहिली गोळी आत्ता, फवारणीच्याच दिवशी द्या, आणि दुसरी फेब्रुवारीअखेरच्या फेरीबरोबर.